पाचोळ्याची बेगमी

आमच्या घरात ओला कचरा संपत नाही आणि सुका पुरत नाही. सांगलीत विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर राहून घरी खत करायचं ठरवलं, तेव्हा ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. रंगाच्या जुन्या बादलीला भोकं पाडायची, भाजीची देठं टाकायची, झाकण ठेवायचं. दोन महिन्यांत काळी माती, असा माझा समज.

आठव्या दिवशी बादलीखाली पाणी साचलं. दहाव्या दिवशी चिलटं आली. बाराव्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या. "भावोजी, तुमच्याकडं गॅस लीक होतोय का हो?"

मग अभ्यास सुरू केला. कळलं ते असं, की खताला 'हिरवं' आणि 'तपकिरी' दोन्ही लागतं. नायट्रोजन जास्त ते हिरवं, कार्बन जास्त ते तपकिरी. आता चहाचा चोथा चांगला तपकिरी दिसतो, तर तो हिरव्यात. शेणसुद्धा हिरव्यात. नावं रंगावरून ठेवायची आणि रंगाकडं बघायचं नाही, हा कारभार मला फक्त सरकारी फॉर्मांत माहीत होता.

पुढं वाचलं, तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन हवा. पतपेढीत जन्मभर व्याज काढलेला माणूस मी. लगेच हिशेब केला: एक डबा भाजीला तीस डबे पाला! खाली पार्किंगमध्ये ढीग घालावा लागला असता. नशीब, पुढचं वाक्य वाचलं. कार्बन प्रत्येकच गोष्टीत असतो. भाजीपाल्यात पंधरा-वीसपट, वाळल्या पानांत पन्नास ते ऐंशीपट. त्यामुळं घरगुती माप साधं: एक डबा ओलं, दोन डबे सुकं.

सुकं म्हणून वखारीतून पोतंभर लाकडाचा भुसा आणला आणि वासाचा धसका घेतल्यामुळं हात सैल सोडला. भुशात कार्बन तीनशेपटीच्या वर असतो, हे नंतर वाचलं. दोन महिन्यांनी बादली उपसली तर वास नाही, चिलटं नाहीत, खतही नाही. मुंग्यांनी मात्र बिऱ्हाड केलेलं. एक वांग्याचं देठ जसंच्या तसं वर आलं. बायकोनं ते ओळखलंसुद्धा. "हे संकष्टीच्या आदल्या दिवशीचं."

ऊसपट्ट्यात राहून सुक्याची ददात कसली, म्हणून आष्ट्याजवळ मेव्हण्याच्या रानात गेलो. ऊस नुकताच तुटलेला, गुडघाभर पाचट पसरलेलं. मेव्हणा बघत राहिला. "दाजी, आमी काडी लावून मोकळं हुतो, आन् तुमी ह्येला पेट्रोल जाळून न्यायला आलासा?" दोन पोती स्कूटरवर लादून आणली. पण पाचट बादलीत तसंच जात नाही, बोटभर तुकडे करावे लागतात, आणि त्या पातीला करवतीची धार असते. तिसऱ्या मुठीला अंगठा कापला. कात्री तर पुन्हा कापडाला लावायच्या लायकीची राहिली नाही. त्यावरून जे झालं ते इथं लिहीत नाही.

ओलाव्याचं गणित मात्र बायकोनंच सोडवलं. मिश्रण मुठीत दाबलं की बोटांच्या फटीत ओल दिसावी, पण थेंब पडू नये, असं मी वाचून दाखवत होतो. तिनं हात घातला, मूठ वळली, उघडली. गोळा जरा टिकला आणि बोट लावताच फुटला. "लाडवाला तूप बरोबर पडलंय," म्हणाली आणि साबणानं तीनदा हात धुतले.

मे महिन्यात ताई मुलाबाळांसह आली. दोन दिवस आमरस. चार डझन आंब्यांच्या साली एका बादलीत, आणि घरात सुकं मूठभर! पहाटे खाली धावलो. समोरच्या बदामाखाली झाडणाऱ्या मावशी ढीग करून काडी ओढायच्या बेतात होत्या.

"मावशी, पेटवू नका, मी नेतो!"

त्यांनी माझ्याकडं काळजीनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी भाव सांगितला, पोत्याला वीस रुपये. मी घासाघीस केली नाही, कारण जून तोंडावर होता. एकदा पाऊस लागला की कोरडं पान औषधालाही मिळत नाही. लोक पापड-सांडग्यांची बेगमी करत होते, मी गच्चीवर बदामाची पानं वाळवत, चुरत आणि दडपून भरत होतो. आधी पोती भरली, मग दिवाण, मग मिळेल ते.

निघायच्या आदल्या दिवशी ताईनं कुरडया तळायला म्हणून माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडून ती तशीच उभी राहिली.

"वहिनी, हे काय गं?"

"यंदा आमच्यात हेच वाळवण, वन्सं," बायको म्हणाली, आणि ओल धरायला नको म्हणून झाकण पुन्हा घट्ट लावून घेतलं.