जेमिनिड्सच्या रात्री एफएमवर नेमके काय ऐकू येते?

डिसेंबरमध्ये मिथुन राशीतील उल्कावर्षाव, म्हणजे जेमिनिड्स, जवळ आला की मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. उल्का जळताना रेडिओ लहरी सोडतात. 14 तारखेच्या रात्री आकाश निरभ्र असेल तर एफएम संच रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर लावून त्याची एरियल मिथुन राशीकडे धरावी, म्हणजे प्रत्येक उल्केची शिट्टी ऐकू येते, असा त्याचा आशय असतो. यातला रिकाम्या फ्रिक्वेन्सीचा सल्ला तेवढा योग्य आहे.

आधी मूळ विधान पाहू. जेमिनिड्सचा कण सेकंदाला सुमारे 35 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो आणि साधारण शंभर किलोमीटर उंचीवर जळताना मागे मुक्त इलेक्ट्रॉनांचा लांबट माग सोडतो. क्षितिजापलीकडील ज्या केंद्राच्या लहरी एरवी आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, त्या या मागावरून परावर्तित होऊन क्षणभर खाली येतात. म्हणजे पुण्यातील श्रोत्याला ऐकू येतो तो उल्केचा आवाज नव्हे, तर दिल्ली किंवा कोलकात्याच्या एखाद्या केंद्रावरील निवेदकाचा अर्धा शब्द किंवा गाण्याचा तुकडा. अतितेजस्वी अग्निगोल स्वतःही क्षीण रेडिओ लहरी सोडतात, हे न्यू मेक्सिकोतील रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून 2014 साली प्रसिद्ध झाले खरे; परंतु त्या एफएम पट्ट्याच्या बऱ्याच खाली होत्या आणि त्यांसाठी शेकडो अँटेना एकत्र वापराव्या लागल्या.

शिट्टी मात्र पूर्णतः काल्पनिक नाही. युरोपातील हौशी मंडळी फ्रान्समधील ‘ग्राव्ह’ रडारच्या 143.05 मेगाहर्ट्झवरील अखंड लहरीचे परावर्तन साइडबँड रिसीव्हरवर, म्हणजे अशा लहरीचा ऐकू येणारा सूर करणाऱ्या संचावर, ऐकतात, आणि उल्केच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकली की तो सूर खाली घसरतो. तो सूर रिसीव्हरमध्येच तयार होतो. साध्या एफएम संचात तशी सोयच नसते.

निरभ्र आकाशाची आणि रात्रीची अट निराधार आहे. या लहरींना ढग अडवत नाहीत आणि दिवसाचा उजेडही आड येत नाही. 1947 साली इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे रडारने ऐन दिवसा होणारे उल्कावर्षाव शोधले गेले, ते त्यामुळेच.

दिशेचा सल्ला तर उलटाच आहे. एरियल दूरच्या केंद्राकडे हवी, कारण परावर्तन आरशासारखे होते आणि माग योग्य कोनात असावा लागतो. जेमिनिड्सचा उगमबिंदू, म्हणजे आकाशात जिथून उल्का येताना भासतात ती जागा, महाराष्ट्रात रात्री अडीचच्या सुमारास जवळपास माथ्यावर येतो. डोळ्यांनी पाहणाऱ्याला ती वेळ उत्तम, पण तेव्हा माग जवळजवळ उभे पडतात, म्हणून रेडिओवर परावर्तने बहुधा घटतात. साडेअकराच्या आसपास किंवा पहाटे पाच-साडेपाचला, उगमबिंदू मध्यम उंचीवर असताना, अधिक अपेक्षा ठेवावी.

शिवाय यासाठी उल्कावर्षावच हवा असेही नाही. पहाटे पृथ्वीची आपली बाजू तिच्या प्रवासाच्या दिशेला असते, त्यामुळे सुट्या उल्का वर्षभर मिळतात. नोबेल विजेते जो टेलर यांनी 2001 साली अशा निमिषभराच्या परावर्तनांतून संदेश पाठवणारी संगणकप्रणाली हौशी रेडिओचालकांना दिली, तेव्हापासून 50 आणि 144 मेगाहर्ट्झवर असे संपर्क एरवीच्या दिवशीही होतात. प्रक्षेपणाला परवाना लागतो, एफएम ऐकायला नाही.