तळं राखी तो सेल्फी टाकी

तुमच्या घराजवळ खाडीकाठी एखादं तळं अजून शिल्लक आहे का? चुकून? मग ते वाचवणं भाग आहे, आणि कसं वाचवायचं ते सांगायला माझ्याइतका लायक माणूस तुम्हाला मिळायचा नाही. गेल्याच रविवारी आम्ही नवी मुंबईत नेरूळच्या डीपीएस तलावावर, म्हणजे आपल्या फ्लेमिंगो तलावावर, स्वच्छता मोहीम पार पाडली. आज गुरुवार. नखांतला काळा चिखल अजून निघालेला नाही, तेव्हा अनुभव ताजा आहे.

सुरुवात बॅनरपासून करा. झाडू, गोण्या, फावडी नंतर बघता येतात. बॅनर असा हवा की तो बांधल्यावर मागचं तळं दिसता कामा नये. आमच्या बॅनरवर अकरा चेहरे होते आणि एक पक्षी. पक्षी खालच्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या शेजारी, आणि तो फ्लेमिंगो नसून करकोचा होता. मी ते दाखवलं तर छापणारा पोरगा म्हणाला, "काका, पाय लांब आहेत ना? चालतंय."

मग वेळ. भरती-ओहोटीचं कोष्टक अजिबात बघू नका. ठाण्याच्या खाडीत भरती आली की चिखलाचे पट्टे पाण्याखाली जातात, फ्लेमिंगोंना उभं राहायलाही जागा उरत नाही, म्हणून ते तेवढ्या तासांपुरते या उथळ तळ्यावर येतात. विसावतात, एका पायावर उभं राहून झोपतात. तेव्हा कार्यक्रम बरोबर भरतीच्या वेळीच ठेवा आणि दोन मोठे स्पीकर पाण्याकडे तोंड करून लावा. आम्ही कार्यकर्ते साडेसहाला हजर, प्रमुख पाहुणे सव्वानऊला. मधल्या वेळात "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" झालं आणि समोरचा सगळा गुलाबी थवा उठून पाम बीच रोडच्या पलीकडे गेला. त्यामुळे पाहुण्यांचं भाषण शांततेत झालं. "सैबेरियाहून आलेले हे आपले परदेशी पाहुणे," असं त्यांनी तीनदा सांगितलं. पक्षी बहुतेक कच्छमधून येतात. पण कच्छ म्हटलं की टाळ्या पडत नाहीत.

हातमोजे मागवाल तर सगळे डाव्या हाताचेच मागवा.

पाण्याच्या छोट्या बाटल्या माणशी दोन. उपमा थर्माकोलच्या बशीत. त्याशिवाय दुपारी उचलायला कचरा कुठून आणणार?

पुतळ्यांचं विसरू नका. चौकात, उड्डाणपुलाखाली, दुभाजकावर, जिथे फूटभर जागा दिसेल तिथे फायबरचा फ्लेमिंगो उभा करा. फायबरच्या फ्लेमिंगोला चिखल लागत नाही, शेवाळ लागत नाही, भरतीचं पाणी लागत नाही. आपलं शहर 'फ्लेमिंगो सिटी' आहे असं भिंतीभिंतीवर रंगवलंच आहे. (तिकडे कच्छच्या रणात, जिथे हे पक्षी चिखलाची बुटकी घरटी करून अंडी घालतात, त्या जागेला पक्षीतज्ज्ञ फार पूर्वीपासून फ्लेमिंगो सिटी म्हणत आले आहेत. तिथे दुभाजक नाहीत, हा तिचा मोठाच दोष.)

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी तळ्याचा फोटो टाका, "किती भाग्यवान आपण" असं लिहा. संध्याकाळी त्याच ग्रुपवर "डास फार झालेत, ते डबकं बुजवून टाका" असंही लिहा. फ्लॅट विकायला काढलात की जाहिरातीत मात्र 'लेक व्ह्यू' लिहायचं. आमच्या ग्रुपवर ही तिन्ही कामं एकच गृहस्थ करतात.

आता गोण्यांकडे येऊ. कचरा गोळा झाला की त्याचं काय करायचं? काही नाही. रस्त्याच्या कडेला ओळीनं लावायचा, गाडी येईल म्हणायचं आणि घरी जायचं. आमच्या त्रेचाळीस गोण्या भरल्या. त्यांत काय निघालं ऐका: गुटख्याच्या पुड्या, दारूच्या बाटल्या, निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या गाठ मारलेल्या तशाच, देवांचे फोटो काचेसकट, कुणाच्या तरी बाथरूमच्या फोडलेल्या टाइल्स, एक हेल्मेट. अर्धी गादी गोणीत मावली नाही, ती वेगळी ठेवली. आमच्यातल्या दोन बायका साठीच्या पुढच्या आहेत, त्यांनी एकेक गोणी दोघींत धरून बांधावर चढवली. तेवढ्यात ड्रोनवाला पोरगा आला. म्हणाला, "या गोण्या जरा तिकडे घ्या ना, फ्रेममध्ये येतायत." तिकडे म्हणजे बांधाच्या पलीकडे, उतारावर, पाण्याच्या बाजूला. आम्ही घेतल्या. हो, आम्हीच घेतल्या, आमच्या हातांनी. पाहुण्यांनी कोरा झाडू कोऱ्या फरशीवर दोनदा फिरवला, टाळ्या झाल्या, ड्रोन वर गेला आणि खाली आला, गाड्या गेल्या.

कचऱ्याची गाडी आली नाही. सोमवारी मी फोन लावायला घेतले. पहिल्या कार्यालयात सांगितलं, "कचरा आमच्याकडे येतो, पण ती जागा आमच्याकडे येत नाही." दुसऱ्या कार्यालयात, "जागा आमची आहे, पण कचरा आमचा विषय नाही." तिसरीकडे एक भला माणूस भेटला. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, ते राखीव होणार म्हणतात, पण आमच्याकडे ताबा कुठे आलाय?" मंगळवारी पुन्हा पहिल्या कार्यालयात. तिथल्या बाई बदलल्या होत्या. त्यांनी मला ॲपवर तक्रार करायला सांगितली. ॲपनं ठिकाणाचा फोटो मागितला, दिला. प्रवर्ग निवडा म्हणालं, त्यात 'तलाव' नव्हता, 'मृत जनावर' होता. मी 'इतर' निवडलं. मंगळवारी रात्री कुत्र्यांनी गोण्या फाडल्या. बुधवारी पहाटेपासून वारा. अकरा वाजता मोबाइलवर निरोप: "आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. कृपया सेवेला तारे द्या." सोबत पुरावा म्हणून स्वच्छ रस्त्याचा फोटो. फोटोत मागे नारळाची चार झाडं. आमच्या तळ्यावर नारळाचं एक झाड नाही! कुठला रस्ता होता तो? कुणाचा? मी धावत गेलो, तर पाण्यावर थर्माकोलच्या बशा तरंगत होत्या, आमच्याच उपम्याच्या, आणि त्यांच्या मधोमध फाटकी गोणी. अकरा गोण्या धड राहिल्यात. बाकी बत्तीस जिथून काढल्या तिथे परत.

तारे द्या म्हणे. देतो की. आकाशातले देतो.

पुढचा सल्ला... कितवा झाला? जाऊ द्या, मोजत नाही आता.

पक्षी मेले की हळहळा. त्याआधी हळहळण्यात अर्थ नाही. २०२४ च्या सुरुवातीला नेरूळच्या जेट्टीकडे, म्हणजे बोटींच्या धक्क्याकडे, जाणाऱ्या रस्त्यावर एक भलामोठा फलक उभा राहिला, फ्लेमिंगो त्याच्यावर आदळून मेले, मग फलक काढला. एप्रिलमध्ये तळं कोरडं पडलं, पक्षी सैरभैर होऊन रस्त्यावर उतरले, त्यातले काही मेले. मग लोकांनी मानवी साखळी केली, मग बातम्या आल्या, मग समिती. तळं का आटलं ते शोधायला समिती! सारसोळ्याच्या एका म्हाताऱ्या मच्छीमारानं मला ते उभ्या उभ्या सांगितलं होतं. त्याच्या तरुणपणी इथे खारजमिनी होत्या, बांध होते आणि बांधाला उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, असायची. भरतीला किती पाणी आत घ्यायचं, ओहोटीला किती सोडायचं, ते उघाडीवर ठरायचं. म्हणाला, "उघाडीच बुजवली, पानी येल कुठून?" संपलं. एक वाक्य. त्याला मानधन नको, गाडी नको, अल्पोपाहार नको. जेट्टीच्या कामात खाडीचं पाणी आत यायची वाट बुजली आणि तीस एकरांचं तळं तडकून पडलं, एवढीच ती गोष्ट. जेट्टीवर शंभर कोटींहून जास्त खर्च झालाय. बोटी मात्र मला अजून दिसायच्या आहेत.

तेव्हा सल्ला असा की झाडून काढा, रंगवा, दिवे लावा, जॉगिंग ट्रॅक करा, सेल्फी पॉइंट करा, बाकडी टाका, बाकड्यांवर नावं घाला. पाणी मात्र आत येऊ देऊ नका.

नाही, पुरे. मला हे असं तिरकं लिहिणं आता जमत नाहीये.

अहो, या तळ्याला तुमचं काहीही नको आहे. खारं पाणी दिवसातून दोनदा आत यावं आणि दोनदा बाहेर जावं, एवढंच हवंय. पाणी हललं की त्याच्याबरोबर मासे येतात, डासांच्या अळ्या खातात. थांबलं की शेवाळाची गोधडी पसरते, वास सुटतो, आणि पाणपक्ष्याला उतरायला पाणीच दिसत नाही. यासाठी परदेश दौरा लागत नाही. ओडिशात चिल्का सरोवराचं समुद्राकडचं तोंड गाळानं आखडलं होतं. पाण्याचा खारटपणा गेला, गवत माजलं, मासळी संपत आली. सप्टेंबर २००० मध्ये तिथे समुद्राला नवं तोंड खोदून दिलं. मासळी परत आली, आणि २००२ मध्ये रामसरच्या, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, धोक्यातल्या जागांच्या यादीतून चिल्काचं नाव निघालं. हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचं सरोवर आहे ते. आणि आपल्याला तीस एकरांच्या तळ्याचं तोंड मोकळं ठेवता येत नाही?

कागद कमी पडलेत असंही नाही. २०१५ मध्ये खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली, २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. हे सगळं कुणी फुकट दिलेलं नाही. वर्षानुवर्षं पत्रं लिहिणारी, कोर्टाच्या पायऱ्या चढणारी, भर उन्हात जखमी पक्षी टॉवेलात गुंडाळून नेणारी माणसं आहेत म्हणून ते झालं. त्यांचा चेहरा त्या अकरा चेहऱ्यांत नव्हता. त्यांच्यातल्या एकीला रविवारी खुर्चीसुद्धा कुणी दिली नाही, कारण पहिली रांग राखीव होती.

आणि तुम्ही, हो, तुम्हीच, लेक व्ह्यूवाले. निर्माल्य पिशवीत बांधून तळ्यात टाकताना देव बघत नाही असं वाटतं का तुम्हाला? घराचं काम काढलंत तर राडारोडा रात्री टेम्पो करून कुठे पाठवलात ते ठाऊक आहे मला, तुमच्या टाइल्सचा रंग मी ओळखतो. लाज वाटू द्या थोडी. थवा आला की बांधावरून दगड मारून उडवायचा, का तर रीलमध्ये पंख छान दिसतात? कच्छपासून इथवर उडत आलाय तो. त्याला तासभर झोपू दे की रे!

त्या अकरा गोण्या अजून उतारावर आहेत. एका ओळखीच्या टेम्पोवाल्याला डिझेलचे पैसे देऊन उद्या सकाळी सातला बोलावलाय. मी सव्वासहापासून तिथे असेन. बत्तीस पुन्हा भरायच्या आहेत. रिकाम्या गोण्या माझ्याकडे आहेत, उजव्या हाताचे मोजे तुमचे तुम्ही आणा.