सोबती पलीकडच्या गावचा हवा

दर राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, व्हॉट्सअॅपवर असे ग्रुप निघतात. चाळीस दिवस पॉर्न बघायचं नाही, रोज बायबलमधलं एक वचन टाकायचं, जो घसरेल त्याने ग्रुपवर सांगायचं. नावं तिसेक. पहिल्या आठवड्यात जोडलेल्या हातांचा नुसता पाऊस. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं, आणि ईस्टरपर्यंत तिथे फक्त वाढदिवस उरतात. किती जण घसरले ते कुणालाच कळत नाही, कारण सांगतच कुणी नाही. सांगणार कसं? ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर दिसतो, आणि सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवणच्या ख्रिस्ती घरांत नुसता नंबर दिसला तरी तो कुणाचा जावई नि कुणाचा भाचा हे दोन मिनिटांत निघतं.

म्हणून आमचं मत सरळ आहे. ऑनलाइन सोबतीने, म्हणजे ज्याला रोज फोनवर खरं सांगायचं अशा एका माणसामुळे, पॉर्नची सवय सुटू शकते, पण सोबत दोघांची हवी. ग्रुपची नको, आणि नुसत्या अॅपची तर नकोच.

सोबती आपल्या पॅरिशचा, म्हणजे आपल्याच चर्चचा, घेऊ नका. वेंगुर्ल्याच्या माणसाला वसईचा चालेल, रत्नागिरीच्याला अलिबागचा. फोनचा खरा फायदा इथेच आहे: ज्याच्या शेजारी रविवारी बाकावर बसायचं नाही, त्याला खरं सांगता येतं. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. (बायकांनाही ही सवय लागते. त्यांना बोलायला जागा आणखी कमी, एवढाच फरक.) दोघांपैकी एक तरी सहाएक महिने सावरलेला असावा, नाहीतर दोन बुडणारे एकमेकांच्या गळ्यात पडतात. बायकोला गोष्ट माहीत असावी, पण रोजचा हिशेब तिच्याकडे देऊ नये. तसं केलं की ती घरातली पोलीस होते, आणि हे दोघांनाही झेपत नाही. अठराच्या आतल्या मुलाची जोडी परक्या मोठ्या माणसाशी परस्पर लावू नका. तिथे आईवडिलांना ठाऊक असलंच पाहिजे.

मग फादर कशाला आहेत, असं विचारलं जातं. कुमसाराला, म्हणजे फादरजवळ पापं कबूल करायला, जाच. पण कुमसारात ऐकलेलं फादर बाहेर वापरू शकत नाहीत, चर्चचा कायदाच तसा आहे. मंगळवारी बाजारात भेटल्यावर ‘काय रे, कसं चाललंय?’ असं ते त्या गोष्टीवरून विचारू शकत नाहीत. सोबत्याचं तर कामच ते. उलट, सोबत्याला चॅटवर सांगितलं म्हणजे कुमसार झाला, असंही नाही. कुमसार हा चर्चचा संस्कार (साक्रामेंत), आणि इंटरनेटवर असे संस्कार होत नाहीत, हे व्हॅटिकनने २००२ मध्येच लिहून ठेवलंय. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बायबलमधल्या याकोब ५:१६ चा आधार घेतात, एकमेकांजवळ पातकं कबूल करा म्हणून, आणि तो योग्यच आहे. अडचण पुढे येते. दोन महिने सुधारलेल्या पोराला संजीवन सभेत (श्रद्धा जागवायच्या जाहीर प्रार्थनासभेत) ‘देवाने मला सोडवलं’ अशी साक्ष द्यायला उभं करतात. तो पुन्हा घसरला की मग कुणालाच सांगत नाही, कारण आता सगळ्या मंडळीसमोर तो ‘मुक्त’ झालेला असतो.

पहिला फोन निदान चाळीस मिनिटांचा ठेवा, आणि त्यात एक गोष्ट नक्की करा: घसरणं म्हणजे नेमकं काय? फक्त पॉर्न साइट, की इन्स्टाग्रामवर तासभर तसलीच रील्स, की टेलिग्रामचे चॅनलही? हे ठरलेलं नसेल तर तिसऱ्या आठवड्यात ‘तसं काही विशेष नाही’ सुरू होतं. ऐकलेलं कुठेही जाणार नाही हा शब्द द्या. अपवादही तेव्हाच सांगून ठेवा: जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, किंवा एखाद्या मुलाला धोका. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवावीच लागते. मुदत ९० दिवसांची. मग पुन्हा बोलून पुढचं ठरवा, जन्माची शपथ नको.

रोज ठरल्या वेळी एक मेसेज, साधारण रात्री साडेदहाला. एवढासा:

‘आज नाही. जेवण उशिरा झालं. साहेबांवर चिडलोय. उद्या घरी एकटा. फोन पडवीत ठेवला.’

पाच वाक्यांत सगळं येतं. ओढ सहसा भूक, राग, एकटेपणा नाहीतर थकवा यांच्या मागून येते. म्हणून काय पाहिलं यापेक्षा त्याच्या आधी काय झालं हे महत्त्वाचं. शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. चार्जर खोलीतून काढून पडवीत नेला की अर्धी लढाई तिथेच होते. आठवड्याला वीस मिनिटांचा फोन: कधी, कुठे, कुठल्या अॅपवर, त्याआधी काय. ‘काय पाहिलंस?’ हा प्रश्न विचारायचा नाही. वर्णन करताना सांगणाराही पेटतो नि ऐकणाराही. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट तर अजिबात नको: आयटी कायद्याच्या कलम ६७ आणि ६७अ खाली तसलं काही पाठवणं हाच गुन्हा आहे. लहान मुलांचं असेल तर नुसतं बघणं आणि फोनमध्ये ठेवणंही गुन्हा. तिथे सोबती पुरत नाही, वकील आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघे लागतात. चॅटला व्हॉट्सअॅपचं चॅट लॉक लावा, मेसेज सात दिवसांनी पुसले जातील असं ठेवा.

आता फोन. अँड्रॉइड ९ किंवा नंतरचा असेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस (साइटचे पत्ते कुठून शोधायचे ते ठरवणारी जागा) शोधा. तिथे क्लाउडफ्लेअर कंपनीच्या फॅमिली फिल्टरचं नाव (family.cloudflare-dns.com) टाकावं लागतं, त्याचे १.१.१.३ हे आकडे टाकले तर फोन घेत नाही, आणि ‘होत नाही’ म्हणून लोक इथेच सोडून देतात. आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये अडल्ट वेबसाइट बंद करा आणि पासकोड सोबत्याला टाकायला सांगा; लांब असेल तर तुमच्या ओळखीच्या दुसऱ्या कुणाला. पासकोड टाकताना फोन अॅपल अकाउंट (पूर्वीचा अॅपल आयडी) मागतो, विसरलात तर परत मिळावा म्हणून. तिथे तुमचा आयडी दिलात तर कुलूप त्यांचं नि किल्ली तुमच्या खिशात, असं होतं. ती पायरी वगळा.

या फिल्टरने साइट अडतात. टेलिग्राम, रील्स, व्हॉट्सअॅपवर आलेले व्हिडिओ अडत नाहीत, आणि फुकटचं व्हीपीएन (फिल्टरला वळसा घालणारं अॅप) टाकलं की साइटही सुटतात. म्हणून प्ले स्टोअर उघडायलाच कुलूप लावा नि त्याचा पिन दुसऱ्याकडे ठेवा, आणि सरळ बोलायचं तर टेलिग्राम काढूनच टाका.

स्क्रीनचे फोटो काढून, धूसर करून सोबत्याला रिपोर्ट पाठवणारी अॅप्सही आहेत. अमेरिकेतलं कव्हेनंट आइज त्यातलं जुनं, २००० सालचं. वाईट नाहीत, पण अँड्रॉइडवर त्यांना अॅक्सेसिबिलिटी परवानगी (स्क्रीनवरचं सगळं वाचू देणारी) लागते, आणि ती चालू दिसली की काही बँकांची अॅप्स कुरकुरतात. शिवाय बॅटरी वाचवायला फोन मागे चाललेलं अॅप गुपचूप बंद करतो. मग रिपोर्ट कोरा येतो आणि सोबती खूश होतो. कोरा रिपोर्ट म्हणजे स्वच्छ आठवडा नव्हे. आधी विचारा, अॅप चालू होतं का?

सगळ्यात जास्त घात करतं ते दिवस मोजणं. अडतीस दिवस झाले, एकोणचाळिसाव्याला घसरला, आकडा शून्यावर आला की मन म्हणतं, आता गेलंच आहे तर जाऊ दे. मग आठवडाभर तेच. व्यसनं सुटताना असं होतं हे अॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने पूर्वीच दाखवून दिलंय. तेव्हा सलग आकडा नको, महिन्याचा हिशेब ठेवा: तीसपैकी सव्वीस, पुढच्या महिन्यात तीसपैकी अठ्ठावीस. घसरल्याचा मेसेज आला की सोबत्यानेही लगेच वचन फेकू नये. आधी, ‘सांगितलंस ते बरं केलंस. आत्ता कुठे आहेस?’

पाप आणि आजार यांची गल्लतही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, २०२२ पासून, लैंगिक वर्तनावर ताबा न राहणं हा विकार म्हणून नोंदलाय. पण त्यातच म्हटलंय की केवळ नैतिक अपराधीपणामुळे त्रास होत असेल तर तो विकार धरू नये. सहा महिने आणि वर ताबा सुटलाय, अभ्यास, नोकरी, संसार बिघडतोय, तर डॉक्टर हवा. रत्नागिरीचं मनोरुग्णालय म्हटलं की लोक दचकतात. मग निदान टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, पैसे पडत नाहीत. आणि नग्न व्हिडिओ कॉलवरून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आपल्याकडे जपायचा काळ म्हणजे पावसाळा. १ जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, दिवसभर पाऊस, हातात काम नाही नि डेटा मात्र स्वस्त. मेअखेरीसच दोघांनी बसून जून-जुलैचं ठरवा: दिवसातून दोन मेसेज, आणि दुपारी फोन घरातल्या कुणाकडे तरी. बोटीवर नोकरीला जाणाऱ्याने साडेदहाचा हट्ट सोडावा. ड्युटी संपल्यावर, नेट मिळेल तेव्हा. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर घरी उरलेल्याला दुसरा सोबती आधीच बघून द्यावा.

आणि एखाद्या रात्री मेसेज आलाच नाही, तर सकाळी मेसेज टाकत बसू नका. फोन करा. तो उचलेल तेव्हा पहिला प्रश्न ‘काल काय झालं?’ हा नको. ‘जेवलंस काय?’ तो पुरे, बाकीचं तो आपसूक सांगतो.