सिंगापूरचं नाव घेऊन फिरणारा खोटा मेसेज

‘सिंगापूरमध्ये चिनी, मलय, तमिळ सगळ्यांना एकच न्याय, कुणालाही सवलत नाही, म्हणून तो देश पुढे गेला. आपल्याकडे मात्र ज्यांना शिकायचंच नाही त्यांच्यावर पैसा उधळतात.’ हा मेसेज आमच्या कोथरूडच्या ग्रुपांवर कधीपासून फिरतोय. भाच्याने तो कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा घातला, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

सवलत नाही? सिंगापूरच्या राज्यघटनेचं कलम १५२ वाचा. मलय हे तिथले मूळ रहिवासी, त्यांचं विशेष स्थान मान्य करून त्यांचं शैक्षणिक आणि आर्थिक हित जपणं ही सरकारची जबाबदारी, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मलय विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाची फी कितीतरी वर्षं माफ होती. आता उत्पन्न बघून सवलत देतात. १९८९पासून सरकारने बांधलेल्या घरांच्या इमारतींमध्ये कुठल्या वंशाच्या लोकांची किती घरं, यालाही मर्यादा आहे. प्रवेशात आपल्यासारख्या राखीव जागा तिथे नाहीत, एवढं मान्य.

‘सवलती श्रीमंतच लाटतात’ असंही पुढे म्हटलंय. ओबीसींना क्रीमी लेयरची अट, म्हणजे त्यांच्यातल्या सधन कुटुंबांना आरक्षण नाही, ही १९९३पासून लागू आहे.

पण ‘ज्यांना शिकायचंच नाही’? पुण्यात बसून हे लिहवतं तरी कसं? याच शहरात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि ज्ञान हेच त्यावरचं औषध आहे, असं आपल्या लोकांना सांगितलं. १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. शिकायची ओढ तेव्हाही होती, दारं बंद होती.

आणि शिकल्यावर तरी काय होतं? अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी ठेवली. जाहिराती खासगी कंपन्यांच्या होत्या, म्हणजे आरक्षणाचा प्रश्नच नव्हता. निष्कर्ष २००७ साली छापून आले. उच्चवर्णीय हिंदू नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याचं प्रमाण १ धरलं, तर दलित नावासाठी ते ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ निघालं. पदवी तीच असूनही. आता आणखी किती शिकायचं, ते मेसेज पाठवणाऱ्यांनीच सांगावं.