पंतांना ‘एड्स’ झालाय म्हणे

सकाळी पावणेसातला मावशीचा फोन. “अगं, पंतांना एड्स झालाय. तू छोटीला घेऊन इकडे येऊ नकोस काही दिवस.”

पंत म्हणजे मावशीचा बोका. तांबूस, सहा वर्षांचा, डावा कान फाटलेला. शनिवार पेठेतल्या जुन्या इमारतीचे पत्रे वडिलोपार्जित असल्यासारखा त्यावर हिंडतो. मानेवर गळू झालं म्हणून मावशीने त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पू काढला, रक्ताचे थेंब घेऊन कार्डावर चाचणी केली आणि ती ‘एफआयव्ही पॉझिटिव्ह’ निघाली, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती हळूहळू कमी करणाऱ्या एका विषाणूची लागण. हा काय प्रकार आहे ते त्यांनी चांगलं पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. ते सगळं मावशीच्या डोक्यात रिक्षा घरी पोचेपर्यंत टिकलं, कारण रात्री इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला.

तो साधारण असा: मांजरांमध्ये एड्स पसरतोय. तो चावल्याने, ओरखड्याने, लाळेने माणसांनाही होतो. एका भांड्यात खाल्लं की घरातल्या सगळ्या मांजरांना होतो. पॉझिटिव्ह मांजर सहा महिन्यांत मरतं, म्हणून त्याला इंजेक्शनने कायमचं झोपवून घ्या किंवा वस्तीपासून लांब सोडून या. घर फिनाईलने धुवा. सुरुवात असेल तर लसूण-हळद दुधातून द्या. शेवटी ‘जनहितार्थ’ आणि हात जोडलेले. कोणाचं हित, कोणी जोडले हात, काही नाही.

मी आठला पोचले. जिन्यातच फिनाईलचा वास. पंत मागच्या खोलीत कोंडलेले, आणि त्यांच्यापुढे वाटीत पिवळं दूध, त्यात ठेचलेला लसूण. पंतांनी तोंड लावलं नव्हतं. त्या सकाळी त्या घरात शहाणा प्राणी तोच होता.

म्हणून आधी लसणाचंच घेते, कारण एफआयव्हीने मांजर वर्षानुवर्षं मरत नाही, पण या औषधाने आठवड्यात मरू शकतं. कांदा आणि लसूण मांजरांना विषारी आहेत. शिजवलेले, कच्चे, पूड केलेले, सगळेच. त्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि मांजराच्या पेशी याबाबतीत आपल्यापेक्षा फारच नाजूक असतात. बरं, परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर होते, मांजर एका कोपऱ्यात बसून राहतं. तोवर आपण म्हणणार, ‘बघा, एड्सने खंगलं.’ फॉरवर्डवाल्याचं भाकीतही खरं आणि औषधही चालू! दुधाचंही तसंच. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात. मांजर आणि दूध ही जोडी म्हणींमध्ये ठीक आहे.

फिनाईल दुसरं. फिनॉल असलेली जंतुनाशकं, आणि पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारीसुद्धा, मांजरांना घातक असतात. त्यांचं यकृत ती नीट निकामी करू शकत नाही. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, मग बसून निवांत पाय चाटतं. म्हणजे फिनाईल पोटात. आणि हा सगळा खटाटोप ज्या विषाणूसाठी, तो शरीराबाहेर फार वेळ तगतच नाही. साध्या साबणाच्या पाण्याने मरतो. मावशीने लादी दोनदा पुसली होती. आम्ही ती तिसऱ्यांदा पुसली, नुसत्या पाण्याने.

आता माणसांना होण्याबद्दल. होत नाही. एफआयव्ही हा मांजरवर्गातल्या प्राण्यांचा विषाणू आहे. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा इथल्या आजारी मांजरांमध्ये तो पहिल्यांदा सापडला. डेव्हिसच्या विद्यापीठातल्या नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी तो वेगळा काढला. तेव्हापासून आजवर जगभरचे पशुवैद्य मांजरांकडून किती वेळा चावून घेत असतील याचा हिशेब नाही, पण त्यातून एकाही माणसाला एफआयव्ही झाल्याचा पुरावा नाही. चाटल्याने नाही, ओरखड्याने नाही, छोटीने पंतांना मिठी मारल्याने तर नाहीच नाही.

चावण्याची भीती बाळगायचीच असेल तर ती रेबीजची बाळगा. कुठलंही मांजर चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारा. फॉरवर्डमध्ये जे एक वाक्य खरंच कोणाचा जीव वाचवू शकलं असतं, ते नेमकं नाही.

पण माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं ते ‘लांब सोडून या’ वर. मावशीच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी तर जागाही सुचवली होती, सिंहगडाचा पायथा. “मोकळी हवा, उंदीर भरपूर.” काका माणूस वाईट नाही, पण हे जरा पायरी-पायरीने बघू. हा विषाणू पसरतो मुख्यत्वे खोल चाव्यातून. लाळेतला विषाणू सुळ्यांबरोबर थेट मांसात जातो. असे चावे कोण घेतं? नसबंदी न झालेले बोके, हद्दीसाठी आणि भाटीसाठी भांडताना. म्हणूनच बोक्यांमध्ये तो जास्त आढळतो. पंतांच्या मानेवरचं गळू म्हणजे अशाच कुठल्या तरी रात्रीची पावती. आता या नसबंदी न झालेल्या पॉझिटिव्ह बोक्याला तुम्ही नव्या हद्दीत सोडणार, जिथे आधीचे चार बोके बसलेले आहेत. तो पहिल्या रात्रीच भांडणार, जिंकला तर चावणार, हरला तर उपाशी मरणार. रोग पसरवायचा कोणी ठरवून बेत आखला असता तर याहून चोख जमला नसता. शिवाय पाळीव जनावर उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही काकांना सांगितलं. ते म्हणाले, “मी आपलं सहज म्हटलं.”

झोपवून घेण्याबद्दल एकच सांगते. अमेरिकेतल्या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलं आहे की केवळ चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून मांजराला मरण देऊ नये. त्यात ती कार्डाची चाचणी विषाणू शोधतच नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) शोधते. पॉझिटिव्ह आईच्या पिल्लात आईकडून आलेली प्रतिपिंडं काही महिने राहतात, म्हणून पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा तपासायचं असतं. नाही तर धडधाकट पिल्लू हकनाक जायचं.

भांड्याचं राहिलं. मावशीकडे पंतांशिवाय एक म्हातारी भाटी आहे, त्यामुळे हा प्रश्न तिच्या दृष्टीने खरा होता. इथे मी तिला एकच अभ्यास सांगितला, पण तो चांगला भक्कम. पर्ड्यू विद्यापीठाच्या ॲनेट लिट्स्टर यांनी २०१४ मध्ये दोन निवाऱ्यांमधल्या मांजरांची पाहणी प्रसिद्ध केली. एका ठिकाणी १३८ मांजरं एकत्र राहत होती, त्यातली ८ पॉझिटिव्ह. निगेटिव्ह असलेल्यांपैकी ४५ जणांची नंतर पुन्हा चाचणी झाली, कोणाची काही महिन्यांनी, कोणाची काही वर्षांनी. सगळी निगेटिव्हच. दुसऱ्या ठिकाणी ५ पॉझिटिव्ह माद्या आणि त्यांची १९ पिल्लं. एकाही पिल्लाला लागण नाही. ४५ हा आकडा काही डोंगराएवढा नाही, हे मान्य. पण फॉरवर्डकडे शून्य आहे. मावशीची भाटी आणि पंत गेली पाच वर्षं एकाच गोधडीवर झोपतात, फार तर एकमेकांकडे पाठ करून. वाट्या वेगळ्या करण्याची गरज नाही. भांडणारी मांजरं असतील तर मात्र वेगळी ठेवावीत, हे खरं.

आणि आता नाइलाजाने जरा फॉरवर्डच्या बाजूने. ‘एड्स’ हा शब्द अगदीच हवेतून आलेला नाही. हा विषाणू एचआयव्हीच्याच कुळातला, आणि तोही हळूहळू प्रतिकारशक्तीवरच घाला घालतो. त्याला समूळ बरं करणारं औषध नाही, हेही खरं. सुरुवातीला थोडा ताप, सुजलेल्या गाठी. मग बरीच वर्षं काहीच नाही. आणि काही मांजरांमध्ये पुढे हिरड्यांची सूज, वारंवार सर्दी, न भरणाऱ्या जखमा, वजन घटणं. ‘काही मांजरांमध्ये’ हे महत्त्वाचं. बाकीची म्हातारी होऊन इतर मांजरांसारखीच कशाने तरी जातात. सहा महिने हा आकडा कुठून आला ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

मग करायचं काय, असं मावशीने विचारलं तेव्हा ती जरा शांत झाली होती. पहिलं, नसबंदी. ही गोष्ट ती पाच वर्षं टाळत होती, “बिचाऱ्याचं आयुष्य” वगैरे म्हणत. या वेळी काही बोलली नाही. दुसरं, पंतांचे पत्रे बंद. खिडक्यांना जाळी बसवली. पंतांनी पहिले चार दिवस रात्रभर भाषणं दिली, मग थांबले. तिसरं, मंडईतून आणलेली कच्ची मासळी आणि कलेजी बंद. जे काय द्यायचं ते शिजवून, कारण प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मांजराला कच्च्यातले जंतू झेपत नाहीत. वर्षातून दोनदा दवाखाना, दात आणि हिरड्या तपासायला, आणि एरवी साधी शिंक जरी आठवडाभर टिकली तरी ‘होईल बरं’ म्हणून बसायचं नाही.

आणि दर महिन्याला वजन. मावशी आधी एकटी काट्यावर उभी राहते, मग पंतांना घेऊन, आणि वजाबाकी करते. आकडा कालनिर्णयवर लिहिते, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. गेले तीन महिने तिथे ४.३, ४.४, ४.४ असं आहे. तिच्या स्वतःच्या वजनाचे आकडेही तिथे होते. ते खोडले आहेत.