लिनक्सला मोबाईल जोडता येत नाही, हे खरं नाही

एक मेसेज परत परत फिरतोय, की कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची असेल तर मोबाईल विसरा. केबल लावली तरी फोन दिसत नाही कारण ड्रायव्हर नाहीत, नोटिफिकेशन नि एसएमएस कॉम्प्युटरवर फक्त विंडोज किंवा मॅकवाल्यांना मिळतात, सगळं टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करून करावं लागतं, आयफोन तर चालतच नाही, आणि शेवटी सगळे फोटो कुणाच्या तरी क्लाउडवर चढवावेच लागतात. हे वाचून मला खरंच वाईट वाटतं, कारण जुन्या मशिनवर लिनक्स टाकून बघू म्हणणारी माणसं अशा मेसेजमुळे मागे फिरतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ड्रायव्हरचं आधी. अँड्रॉइड फोनसाठी वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. फोन एमटीपी नावाच्या पद्धतीने फाइल दाखवतो आणि ती समजणारी लिबएमटीपी ही लायब्ररी उबंटू, मिंट, फेडोरा अशा लिनक्सच्या नेहमीच्या प्रकारांमध्ये आधीपासून असते. मग फोन दिसत का नाही? तर अँड्रॉइड ६ पासून केबल लावल्यावर फोन मुद्दाम फक्त चार्जिंगवर राहतो, म्हणजे अनोळखी कॉम्प्युटरला लावला तरी आतलं काही उघडं पडू नये. वरची नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढायची, यूएसबीवर टॅप करायचं, फाइल ट्रान्सफर निवडायचं, झालं. फोन लॉक असेल तर फोल्डर रिकामं दिसतं, तेव्हा आधी अनलॉक करा. आणि केबल बदलून बघा, खरंच बघा, कारण काही केबलमध्ये डेटाच्या वायरी नसतातच, फक्त चार्जिंगच्या असतात. मी स्वतः एकदा दोन दिवस पॅकेजं काढून परत टाकत बसलो होतो, लिनक्सचा गाभा असलेला कर्नल बदलून बघितला, आणि शेवटी दुसरी केबल लावल्याबरोबर फोन दिसला.

एमटीपी हळू चालतं, हजारो फोटोंचं फोल्डर उघडायला वेळ घेतं, फोनवरची फाइल जागेवरच उघडून एडिट करायला गेलं की अडतं, हे सगळं मान्य. पण तो दोष एमटीपीचा आहे, लिनक्सचा नाही. पूर्वी फोन पेनड्राइव्हसारखा जोडला जायचा, तेव्हा अख्खं स्टोरेज कॉम्प्युटरच्या ताब्यात जायचं आणि तेवढा वेळ फोनला स्वतःलाच ते वापरता यायचं नाही, म्हणून अँड्रॉइडने ती पद्धत सोडली. मॅकमध्ये तर एमटीपी मुळात येतच नाही, तिथे अँड्रॉइडसाठी वेगळं ॲप टाकावं लागतं, पण ते त्या मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही.

आता नोटिफिकेशन. हा मुद्दा तर सगळ्यात चुकीचा आहे. फोन आणि कॉम्प्युटर वायफायवरून जोडणारं केडीई कनेक्ट २०१३ पासून आहे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. फोनवर त्याचं ॲप टाकायचं, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम, दोन्ही एकाच वायफायवर ठेवायचे आणि पेअर करायचं. लिनक्सवर गनोम हा डेस्कटॉप वापरत असाल तर जीएसकनेक्ट नावाचं एक्स्टेन्शन घ्या, फोनवरचं ॲप तेच चालतं, फक्त एका कॉम्प्युटरवर केडीई कनेक्ट आणि जीएसकनेक्ट एकदम चालवू नका, एकमेकांच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवर बोलायच्या ठरलेल्या दारांवर येतात. मग नोटिफिकेशन स्क्रीनवर येतात, एसएमएसला कीबोर्डवरून उत्तर देता येतं, कॉल आला की चालू गाणं आपोआप थांबतं, फाइल इकडून तिकडे जातात, फोनचं स्टोरेज केबलशिवाय उघडता येतं, घरात हरवलेला फोन वाजवता येतो. आणि हे सगळं घरातल्या वायफायवरच, एन्क्रिप्ट होऊन, मधे कुठल्या कंपनीचा सर्व्हर नाही. मी हे रोज वापरतो आणि ज्यांना ज्यांना लावून दिलंय त्यांनी ते काढलेलं नाही.

फोन आणि कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नसतील तर बहुतेक वेळा कॉम्प्युटरची फायरवॉल, म्हणजे बाहेरची कनेक्शनं अडवणारी भिंत, आडवी येते. टीसीपी आणि यूडीपी दोन्हींचे १७१४ ते १७६४ हे पोर्ट उघडे लागतात. दुसरं कारण राउटरमध्ये, गेस्ट वायफायवर एका डिव्हाइसला दुसरं बऱ्याचदा दिसू देत नाहीत, तेव्हा दोन्ही मुख्य नेटवर्कवर आणा. क्लिपबोर्डची मात्र एक मर्यादा आहे, कॉम्प्युटरवर कॉपी केलेलं फोनवर आपोआप जातं पण उलटं जात नाही, कारण अँड्रॉइड १० पासून मागे चालणाऱ्या ॲपला क्लिपबोर्ड वाचायची परवानगी नाही. त्यासाठी फोनवर एक बटण दाबावं लागतं.

टर्मिनलचं थोडक्यात सांगतो. वरचं जवळपास सगळं सॉफ्टवेअर सेंटरमधून क्लिक करून टाकता येतं. फोनची पूर्ण स्क्रीन कॉम्प्युटरवर आणून माउसने चालवायची असेल तर एससीआरसीपीवाय (scrcpy) हा प्रोग्रॅम लागतो, त्यासाठी फोनच्या डेव्हलपर सेटिंगमधलं यूएसबी डिबगिंग चालू करावं लागतं आणि कमांड टाकावी लागते, पण ती एका शब्दाची आहे.

आयफोनबद्दल तो मेसेज अर्धा खरा आहे. लिबआयमोबाइलडिव्हाइस या लिनक्सवरच्या लायब्ररीमुळे आयफोन केबलने जोडून फोनवर ट्रस्ट दाबलं की फोटो घेता येतात, जेलब्रेक, म्हणजे ॲपलची बंधनं तोडणं वगैरे काही लागत नाही, पूर्ण बॅकअपसुद्धा घेता येतो. केडीई कनेक्टचं आयफोन ॲप २०२२ ला आलं, पण ते उघडं असेपर्यंतच नीट चालतं आणि नोटिफिकेशन काही येत नाहीत, ॲपल ती परवानगी देत नाही. आयफोनवाल्याला मी हे आधीच सांगतो, नंतर हिरमोड नको.

राहिला क्लाउड. फोटो आणि डॉक्युमेंट दोन्हीकडे सारखे ठेवायला सिंकथिंग आहे, ते फाइल थेट एका डिव्हाइसवरून दुसऱ्यावर नेतं. त्याचं मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ ला बंद झालं, आता सिंकथिंग-फोर्क घ्यायचं, आणि फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्याला सूट द्यायची, नाहीतर फोन त्याला मधेच बंद करतो. कॉन्टॅक्ट नि कॅलेंडरसाठी स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं नेक्स्टक्लाउड असेल तर फोनवर ते त्याच्याशी जुळवणारं डॅव्हएक्सफाइव्ह (DAVx5) ॲप टाका, तेवढ्यात काम होतं. फक्त सिंकला बॅकअप समजू नका, फोनवर फोटो डिलीट केला की कॉम्प्युटरवरचाही जातो. म्हणून कॉम्प्युटरच्या बाजूला त्या फोल्डरचं फाइल व्हर्जनिंग पहिल्याच दिवशी चालू करा, म्हणजे चुकून उडवलेला फोटो तिथे जुन्या व्हर्जनमध्ये सापडतो.