वादळ, राख आणि २४ तासांची सरासरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नवतपातल्या (मेअखेरीच्या सुमारास येणाऱ्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतल्या) वादळांनी नागपूरची हवा बिघडते, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वादळ अर्ध्या तासात येऊन जातं, मागून पाऊस पडतो आणि हवा उलट धुऊन निघते. त्या दिवसाचा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) ‘मध्यम’च होता. धूळ म्हणजे शेवटी मातीच. आणि कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांची राख सोडून मी निसर्गाच्या माथी खापर फोडते आहे. शेवटी तुम्ही विचारलंय, घरात दम्याचं माणूस असेल तर करायचं काय?

एक्यूआयपासून सुरुवात करते. आपल्याकडे तो काढताना पीएम १० आणि पीएम २.५ (हवेतले १० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) यांची २४ तासांची सरासरी धरतात. समजा, दिवसभर पीएम १० घनमीटरमागे ८० मायक्रोग्रॅम आहे आणि वादळाच्या एका तासात ते १,२०० वर गेलं. (आकडे उदाहरणापुरते घेतलेत.) सरासरी येते साधारण १२७, म्हणजे ‘मध्यम’. पण त्या तासात जो वर्धा रोडवर दुचाकीवर होता, त्याच्या छातीत १,२०० चीच हवा गेली. सिव्हिल लाइन्स, महाल, रामनगर, अंबाझरी इथली हवा मोजणारी केंद्रं तासातासाचे आकडे देतात. वादळाच्या दिवशी ते बघा, दिवसाचा एक आकडा बघू नका.

पावसाबद्दल तुमचं बऱ्याच अंशी बरोबर आहे. दणकून सर आली तर जाड धूळ खाली बसते. पण मे महिन्यात आपल्याकडे जमिनीलगतची हवा इतकी कोरडी असते, की ढगातून निघालेले थेंब बरेचदा वाटेतच वाळतात. वाळताना ते हवा गार करतात, ती जड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. आपली वादळं बरेचदा अशीच उठतात. म्हणजे जिथे पाऊस जमिनीपर्यंत पोचत नाही, तिथेही धूळ उडतेच, आणि ती धुवायला मागून काही येत नाही. मग ती खाली यायला वेळ लागतो. अगदी स्थिर हवेतही १० मायक्रॉनचा कण १० मीटरवरून उतरायला वीसेक मिनिटं घेतो आणि २.५ मायक्रॉनचा पाच तासांहून जास्त. हवा तर स्थिर कधीच नसते. शिवाय रस्त्यावर बसलेली धूळ दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या चाकांनी पुन्हा उडते.

आता माती आणि राख. इथे मला तुमच्याशी खरंच वाद घालायचा आहे.

बारीक धूळ नुसत्या वाऱ्याने सहजी उडत नाही, तिचे कण एकमेकांना धरून असतात. वारा आधी वाळूएवढे कण उचलतो, ते उड्या मारत जमिनीवर आदळतात आणि त्या माऱ्याने बारीक धूळ सुटते. गवत असलेली किंवा वरून घट्ट पापडी धरलेली जमीन त्यामुळे फारशी धूळ देत नाही. देते ती फोडलेली, चाकांनी भरडलेली जमीन : सिमेंट रोडसाठी खोदून ठेवलेल्या कडा, बेसा-हुडकेश्वरकडची उघडी लेआउट्स, ताडपत्री न टाकलेले वाळूचे ढीग. आणि वीजकेंद्रांची राख पाण्याबरोबर सोडतात त्या तळ्यांचा वाळलेला भाग तर आधीच पिठासारखा बारीक. तो उडवायला वादळाला कष्टच पडत नाहीत. वादळाबद्दल लिहिणं म्हणजे राखेला सूट देणं कसं होईल? ती उडते वाऱ्यानेच. यात निसर्गाचा फक्त वारा आहे. खाली काय मोकळं पडलंय, ते माणसांनी सोडलेलं आहे, आणि ‘नैसर्गिक धूळ’ म्हटलं की कंत्राटदारापासून वीजकेंद्रापर्यंत सगळेच सुटतात.

धूळ की धूर, हे मात्र आकड्यांवरून बरंचसं कळतं. पीएम २.५ ला पीएम १० ने भागा. धुळीच्या वादळात हे गुणोत्तर पाव किंवा त्याहून खाली येतं. डिसेंबरच्या पहाटे थंड हवा धूर जमिनीलगत धरून ठेवते, तेव्हा ते निम्म्याच्या वर जाऊ शकतं. राख की माती, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी फिल्टरवर जमलेल्या कणांची रासायनिक तपासणी लागते. नीरीसारखी पर्यावरणावर संशोधन करणारी संस्था आपल्याच शहरात असताना वादळानंतरच्या नमुन्यांची अशी तपासणी नेमाने व्हावी आणि निष्कर्ष लोकांसमोर यावेत, ही मागणी आपण दोघं मिळून करू शकतो.

आणि दम्याच्या माणसासाठी : आभाळ मातकट दिसू लागलं की खिडक्यांबरोबर कूलरही बंद करा. तो बाहेरचीच हवा आत ओढतो, आणि ओल्या गवताच्या जाळीतून जाड धूळ अडली तरी बारीक आत येते. उन्हासाठी बांधतो तो दुपट्टा बारीक कणांना पुरत नाही. बाहेर जावंच लागलं तर एन ९५ मास्क हवा. इनहेलर जवळ असू द्या. जवळच्या केंद्राचा तासाचा पीएम १० आकडा १०० च्या आसपास उतरेपर्यंत खिडक्या उघडू नका. नंतर घरात झाडू फिरवू नका, ओला पोछा मारा. पाऊस न पडता वादळ गेलं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळचं रस्त्यावरचं फिरणंही टाळलेलं बरं.